वायरलेस सेन्सर नेटवर्कमधले नोड शेजारी कसे शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि शेतात, कारखान्यात, पुलांवर सेन्सर बसवणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एकाच गोष्टीचा दुसरा पैलू आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेजारी शोधणे म्हणजे नेमके काय?

नोड म्हणजे सेन्सर, छोटा प्रोसेसर आणि रेडिओ असलेले उपकरण. आपला रेडिओ ज्यांच्यापर्यंत थेट, मध्ये कोणी न घेता पोहोचतो ते नोड कोणते, हे प्रत्येक नोडने स्वतः शोधून काढणे. नोड ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश, म्हणजे बीकन, पाठवतो. तो ज्याला ऐकू येतो, तो पाठवणाऱ्याची नोंद आपल्या शेजारी-टेबलात करतो. माहिती कोणत्या वाटेने न्यायची, घड्याळे कशी जुळवायची, कोणी कधी जागे राहायचे, हे सगळे या टेबलावर ठरते. टेबल चुकले की वरचे सगळे थर चुकतात. दोष मात्र बहुतेक वेळा राउटिंगवर ढकलला जातो.

२. नोड आपणच बसवतो, मग शेजाऱ्यांची यादी आधीच का भरून ठेवू नये?

चार-पाच नोड एका खोलीत असतील तर खुशाल भरा. बाहेर मात्र ती यादी टिकत नाही. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. त्यामुळे नोड हातभर सरकला, मध्ये लोखंडी कपाट आले किंवा पाने दाटली तरी दोन नोडमधला रेडिओ-दुवा बदलतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या द्राक्षबागेत सेन्सर नेटवर्क बसवले होते. अशा बागेचा विचार करा: छाटणीनंतर वेली उघड्या असतात आणि काही आठवड्यांत पानांची भिंत उभी राहते. पानांतले पाणी या वारंवारतेची लहर शोषून घेते. छाटणीच्या दिवशी मोजलेले शेजारी फळधारणेच्या वेळी तेच असतील, असे धरता येत नाही.

३. रेडिओ सतत चालू ठेवला तर हा प्रश्नच उरणार नाही ना?

उरणार नाही, पण बॅटरीही उरणार नाही. टेलॉसबी आणि मायकाझेड या गाजलेल्या मोट्सवर (म्हणजे छोट्या सेन्सर नोडवर) सीसी२४२० ही रेडिओ चिप असते. ती ऐकताना १८.८ मिलिअँपिअर घेते आणि पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४. म्हणजे नुसते कान देऊन बसणे बोलण्यापेक्षा महाग आहे. २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी धरली तर रेडिओ सतत चालू ठेवून ती साधारण साडेपाच दिवसांत संपते. रेडिओ ५ टक्के वेळच चालू ठेवला तर तीच बॅटरी सुमारे साडेतीन महिने जाते, आणि १ टक्का वेळ चालू ठेवला तर दीड वर्ष. हे फक्त रेडिओचे गणित आहे, सेन्सर आणि प्रोसेसरचा खर्च वेगळा.

जागे असण्याच्या या प्रमाणाला ड्युटी सायकल म्हणतात. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यातूनच निघतात.

४. दोन्ही नोड ९५ टक्के वेळ झोपलेले असतील तर ते भेटणार कसे?

वाटा तीन. पहिली, सगळ्यांची घड्याळे जुळवून एकाच वेळी जागे होणे (प्रश्न ५). दुसरी, पाठवणाऱ्याने इतका वेळ पाठवत राहणे की समोरचा मध्ये कधीतरी जागा होईलच. २००४ चा बी-मॅक हा प्रोटोकॉल लांब प्रिअँबल, म्हणजे संदेशाआधीचा सिग्नल, पाठवून हेच करतो. २००६ च्या एक्स-मॅकने त्या प्रिअँबलचे पत्ता लिहिलेले छोटे तुकडे केले, म्हणजे ज्याच्यासाठी संदेश नाही तो लगेच परत झोपतो. तिसरी वाट म्हणजे जागे होण्याचे वेळापत्रकच असे आखणे की घड्याळांत कितीही फरक असला तरी दोघांची जाग ठराविक मुदतीत एकमेकांवर पडेल. संशोधनाचा मोठा भाग या तिसऱ्या वाटेवर आहे. प्रश्न ६ ते १० त्याबद्दल आहेत.

५. घड्याळे एकदा जुळवली की झाले, नाही का?

दोन अडचणी आहेत. घड्याळ जुळवायला आधी शेजारी सापडावा लागतो, आणि तो शोधण्यासाठी जुळलेले घड्याळ हवे, म्हणून पहिली भेट तरी जुळणीशिवायच घडवावी लागते. दुसरे असे की स्फटिकावर चालणारे घड्याळ सरकते. या रेडिओंच्या ८०२.१५.४ या मानकात ±४० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ४० इतक्या फरकाची, मुभा आहे. म्हणजे एक नोड दिवसाला साडेतीन सेकंद पुढे जाऊ शकतो आणि दुसरा तेवढाच मागे पडू शकतो. दोघांत दिवसाला जवळजवळ सात सेकंदांचे अंतर पडते, आणि जागे राहण्याचा स्लॉट, म्हणजे वेळेचा ठरलेला छोटा तुकडा, असतो मिलिसेकंदांचा. त्यात ३२.७६८ किलोहर्ट्झचा नेहमीचा स्फटिक २५ अंशांपासून जितका दूर जाईल तितका मंदावतो. पत्र्याच्या डब्यात उन्हात तापलेला नोड आणि झाडाखालचा नोड यांची घड्याळे एकसारखी चालत नाहीत.

एक चांगला अपवाद आहे. प्रिन्स्टनच्या झेब्रानेट प्रकल्पात केनियातल्या झेब्र्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांमध्ये जीपीएस होताच. त्याच घड्याळावर सगळे नोड एका वेळी जागे होऊन शेजारी शोधत. जीपीएस दुसऱ्या कामासाठी बसवणारच असाल तर त्याच्या वेळेचाही फायदा घ्या.

६. ‘बर्थडे’ प्रोटोकॉलचा वाढदिवसाशी काय संबंध?

२३ माणसे जमली तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मॅकग्लिन आणि बोर्बाश यांनी २००१ मध्ये हाच विचार रेडिओला लावला: प्रत्येक स्लॉटमध्ये नोडने बोलायचे, ऐकायचे की झोपायचे हे यदृच्छेने ठरवावे. रचना फार सोपी आणि सरासरी कामगिरी चांगली. खोट आहे ती शेपटीत. समजा जागेपणी नोड बोलतो आणि ऐकतोही, आणि दोघेही ५ टक्के वेळ जागे आहेत. एखाद्या स्लॉटमध्ये दोघेही जागे असण्याची शक्यता ४०० मध्ये एक. म्हणजे भेट सरासरी ४०० स्लॉटमध्ये होते. पण ८०० स्लॉट गेल्यावरही न भेटलेल्या जोड्या सुमारे साडेतेरा टक्के असतात, आणि १६०० नंतरही जवळजवळ दोन टक्के. ‘अमुक वेळात भेट होईलच’ अशी हमी इथे कधीच मिळत नाही. आगीची सूचना देणाऱ्या नेटवर्कसाठी मी ही पद्धत निवडणार नाही.

७. डिस्कोमध्ये मूळ संख्या कशासाठी लागतात?

हमीसाठी. दत्ता आणि कलर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या डिस्कोत प्रत्येक नोड दोन वेगळ्या मूळ संख्या निवडतो, समजा ३७ आणि ४३. तो आपले स्लॉट मोजत राहतो आणि मोजणीला ३७ ने किंवा ४३ ने पूर्ण भाग गेला की जागा होतो. जागे राहण्याचे प्रमाण एक-सदतिसांश अधिक एक-त्रेचाळिसांश, म्हणजे सुमारे ५ टक्के.

आता दुसऱ्या नोडची मोजणी कुठूनही सुरू झालेली असो. ३७ आणि ४३ यांना सामाईक विभाजक नाही. म्हणून चिनी शेष प्रमेयानुसार एकाची ३७ ची जाग आणि दुसऱ्याची ४३ ची जाग दर ३७ × ४३ = १५९१ स्लॉटमध्ये एकदा नक्की एकावर एक येते. संख्या दोन हव्यात, कारण दोघांनीही नेमकी तीच एक संख्या घेतली आणि मोजणीत फरक असला तर ते कायम समांतर चालतील आणि कधीच भेटणार नाहीत.

डिस्कोची खरी ताकद पुढे आहे. सौरपॅनेलवरचा नोड १० टक्के जागा आणि बॅटरीवरचा १ टक्का जागा असला, तरी दोघांनी आपापल्या मूळ संख्या घ्याव्यात, हमी टिकते. एकमेकांची संख्या आधी माहीत असण्याची गरज नाही.

८. क्वोरम, यू-कनेक्ट, सर्चलाइट: यांतले चांगले कोणते?

आधी त्यांची कल्पना थोडक्यात. क्वोरम पद्धतीत स्लॉट चौकोनी जाळीत मांडतात आणि नोड एक आडवी ओळ व एक उभा स्तंभ निवडतो. कोणाचीही ओळ दुसऱ्याच्या स्तंभाला छेदतेच. २०१० च्या यू-कनेक्टमध्ये एकच मूळ संख्या असते, पण तिच्या वर्गाइतक्या स्लॉटमध्ये एकदा नोड सलग बराच वेळ जागा राहतो. २०१२ च्या सर्चलाइटने एक साधी गोष्ट हेरली: दोघांचे चक्र सारख्याच लांबीचे असेल तर दोघांच्या जागे होण्याच्या ठरलेल्या वेळांमधले अंतर बदलत नाही. म्हणून प्रत्येक चक्रात एक जाग जागच्या जागी ठेवायची आणि दुसरी एकेक स्लॉट पुढे सरकवत समोरच्याला चाचपडत जायचे. अंतर एका बाजूने मोजले तर अर्ध्या चक्राच्या आतच भरते, त्यामुळे फक्त अर्धे चक्र तपासले तरी पुरते.

५ टक्के ड्युटी सायकल आणि १० मिलिसेकंदांचा स्लॉट धरला तर सर्वांत वाईट परिस्थितीतही भेट इतक्या वेळात होते: क्वोरम सुमारे १५.२ सेकंद, डिस्को १५.९, यू-कनेक्ट ९.६ आणि सर्चलाइट ८. सर्चलाइटच्या पट्टेरी आवृत्तीत जाग स्लॉटच्या कडेबाहेर किंचित लांबवतात आणि चाचपणी एक स्लॉट सोडून करतात. त्यामुळे वेळ जवळपास निम्मा होतो.

सगळे नोड एकाच ड्युटी सायकलचे असतील तर सर्चलाइट घ्या. प्रमाण वेगवेगळे असेल तर सर्चलाइटचा मूळ आधारच जातो आणि डिस्को किंवा यू-कनेक्ट बरे पडतात. वरच्या आकड्यांतला सर्वांत लहान पाहून निवड करू नका. आधी आपल्या नोडची ड्युटी सायकल एकसारखी राहणार आहे का, ते पाहा.

९. ड्युटी सायकल निम्मी केली तर शोधायला दुप्पट वेळ लागेल ना?

चौपट लागेल. दोघांचीही जाग निम्मी होते, त्यामुळे भेटीचा वेळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरच्या उदाहरणात ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलात तर सर्चलाइटचे ८ सेकंद २०० सेकंदांवर जातात. डिस्कोत १९१ आणि २११ या मूळ संख्या घेतल्या तर सुमारे पावणेसात मिनिटे लागतात. बॅटरीचे आयुष्य पाचपट होते आणि शोध पंचवीसपट मंदावतो. प्रकल्पाच्या प्रस्तावात हे गणित पहिल्याच पानावर असावे असे मला वाटते.

१०. स्लॉट अर्धवटच जुळले तर भेट हुकते का?

योग्य काळजी घेतली तर हुकत नाही. प्रत्यक्षात दोन नोडचे स्लॉट कधीच काटेकोर जुळत नाहीत. म्हणून डिस्कोत नोड जागे होताच एक बीकन पाठवतो, मग ऐकतो आणि स्लॉट संपता संपता दुसरा बीकन पाठवतो. स्लॉट कसेही सरकलेले असले तरी एकाचा बीकन दुसऱ्याच्या ऐकण्याच्या वेळेत पडतो. उलट स्लॉट अगदी तंतोतंत जुळले तर दोघे एकदम बोलतात आणि दोघेही ऐकत नाहीत! त्यावर उपाय म्हणजे बीकनच्या वेळेत थोडी यदृच्छा ठेवणे.

स्लॉटची कल्पनाच सोडून बीकन आणि ऐकणे यांचे वेगळे ठेके ठेवणाऱ्या पद्धतीही आहेत. बीकन पाठवायला मिलिसेकंदाहूनही कमी वेळ पुरतो, त्यामुळे जास्त वेळा बोलून कमी ऐकणे अनेकदा स्वस्त पडते. ब्लूटूथ लो एनर्जी याच जातीचे आहे (प्रश्न १७).

११. एकाच जागी वीस-तीस नोड असतील तर?

इथे अडचण जागे असण्याची नसून संदेशांच्या टकरीची असते. वासुदेवन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की हा कूपन गोळा करण्याचा जुना गणिती प्रश्नच आहे: सगळी वेगवेगळी कूपने जमायला शेवटची काही फार वेळ घेतात. वीस नोड परस्परांच्या टप्प्यात असतील आणि प्रत्येक जण दर स्लॉटला एक-विसांश शक्यतेने बोलत असेल, तर सगळे ऐकू यायला सरासरी १९० स्लॉट लागतात. सगळे त्या वेळी जागे असले तरीही.

किती नोड आहेत हेच माहीत नसेल तर? थोडे धरून सुरुवात करा आणि टप्प्याटप्प्याने अंदाज दुप्पट करत जा. एकूण वेळ साधारण दुपटीच्या आतच राहतो. याहून सोपा उपाय म्हणजे बीकनमध्ये आपल्या माहितीतल्या शेजाऱ्यांची नावे आणि जागे होण्याच्या वेळा घालणे. एक सापडला की त्याच्याकडून इतरांचा माग लागतो. फक्त अशा ऐकीव शेजाऱ्याला स्वतः ऐकल्याशिवाय टेबलात घेऊ नका.

१२. बीकन ऐकू आला म्हणजे तो शेजारी झाला का?

नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सगळ्यांत जास्त वेळ इथेच वाया जातो. मला तुमचे ऐकू येते यावरून तुम्हाला माझे ऐकू येते असे सिद्ध होत नाही. दोन चिपची पाठवण्याची ताकद थोडी वेगळी असते, दोन जागांचा गोंगाट वेगळा असतो. त्यातून एकतर्फी दुवे तयार होतात. शिवाय अगदी जवळ चांगला दुवा आणि फार लांब दुवाच नाही, यांच्यामध्ये एक रुंद पट्टा असतो. तिथे एकाच अंतरावरचा एक नोड ९० टक्के संदेश घेतो आणि दुसरा २० टक्के.

म्हणून दोन गोष्टी करा. बीकनमध्ये ‘मला कोण ऐकू आले’ ही यादी घाला, आणि त्या यादीत स्वतःचे नाव दिसले तरच दुवा दुतर्फी माना. मग दुव्याची प्रत मोजा. त्यासाठी ईटीएक्स वापरतात, म्हणजे एक संदेश पोचवून त्याची पोच मिळेपर्यंत सरासरी किती वेळा पाठवावे लागते. जाताना ०.९ आणि येताना ०.५ यश असेल तर ईटीएक्स १ ÷ (०.९ × ०.५), म्हणजे सुमारे २.२. जाताना-येताना चांगले असे दोन टप्पे अशा एका टप्प्यापेक्षा स्वस्त पडू शकतात.

फक्त सिग्नलची ताकद, म्हणजे आरएसएसआय, पाहून भागते का असेही अनेक जण विचारतात. ताकद भरपूर असेल तर दुवा बहुधा चांगला असतो. पण ती काठावर असेल तर तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. आणि हा आकडा पोचलेल्या संदेशांचाच मिळतो, हरवलेले संदेश त्यात कधी येत नाहीत.

१३. शेजारी-टेबल भरले तर कोणाला काढायचे?

टेलॉसबीमध्ये रॅम १० किलोबाइट आहे, त्यामुळे दाट नेटवर्कमध्ये हा प्रश्न लवकर येतो. सर्वांत जुनी नोंद काढणे ही सवयीची चूक आहे: जुना शेजारी बहुधा सर्वांत भरवशाचा असतो. वू, टाँग आणि कलर यांनी २००३ मध्ये वारंवारतेवर आधारलेली पद्धत सुचवली. ऐकू आलेल्या नोडचा गणक वाढवायचा. टेबल भरलेले असताना नवा कोणी ऐकू आला तर सगळ्यांचे गणक एकने उतरवायचे आणि शून्यावर आलेल्याची जागा रिकामी समजायची. त्याला एक अपवाद लागतो: मुळाकडे, म्हणजे सगळी माहिती जिथे गोळा होते त्या नोडकडे, नेणारा आपला सध्याचा पालक नोड या नियमाने बाहेर पडता कामा नये. त्याची नोंद कुलूपबंद ठेवा.

१४. आम्ही कॉन्टिकी-एनजी आणि आरपीएल वापरतो. डिस्को वेगळा लिहावा लागेल का?

बहुधा नाही. कॉन्टिकी-एनजी ही सेन्सर नोडची ऑपरेटिंग सिस्टिम आणि आरपीएल हा तिच्यातला राउटिंग प्रोटोकॉल. नोड एका जागी स्थिर असतील तर आरपीएलचे डीआयओ, म्हणजे नेटवर्कची माहिती देणारे, संदेशच बीकनचे काम करतात. ते ट्रिकल अल्गोरिदमने पाठवले जातात: सगळे स्थिर असले की अंतराल दुप्पट होत जातो, गडबड दिसली की पुन्हा किमान. आरपीएलच्या आरएफसी ६५५० या मानकातल्या मूळ मूल्यांनुसार हा अंतराल ८ मिलिसेकंदांपासून सुमारे २.३ तासांपर्यंत वाढतो.

खाच इथेच आहे. शांत नेटवर्कमध्ये नवा नोड नुसता ऐकत बसला तर त्याला तासन्‌तास काही ऐकू येणार नाही. म्हणून तो डीआयएस हा चौकशीचा संदेश पाठवून विचारतो. हा डीआयएस सर्वांना उद्देशून असेल तर ऐकणाऱ्या सगळ्यांचे ट्रिकल घड्याळ किमानावर येते. एखादा बिघडलेला नोड सारखा रीसेट होऊन असे विचारत राहिला तर तो आसपासच्या सगळ्यांची बॅटरी खातो. अचानक एका कोपऱ्यातले नोड लवकर मरायला लागले तर आधी तिथे कोण सारखे डीआयएस पाठवत आहे ते पाहा.

१५. टीएससीएचमध्ये नवा नोड जोडायला इतका वेळ का लागतो?

टीएससीएच ही ८०२.१५.४ मधली घड्याळे जुळवून चालणारी पद्धत. तिथे नेटवर्क दर स्लॉटला चॅनेल बदलते, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये ८०२.१५.४ चे चॅनेल १६ आहेत. नव्या नोडला क्रम माहीत नसल्यामुळे तो एकाच चॅनेलवर कान लावून बसतो. आसपास एकच नोड असेल, तो दर १० सेकंदांनी बीकन पाठवत असेल आणि सगळे चॅनेल सारखेच वापरात असतील, तर त्या चॅनेलवर बीकन यायला सरासरी १६० सेकंद लागतात. या सगळ्या वेळात नव्या नोडचा रेडिओ पूर्ण चालू असतो. बसवण्याच्या काळापुरते बीकन वाढवा, नंतर कमी करा. वापरायचे चॅनेल कमी केले तरी वेग येतो. वायफाय १, ६ आणि ११ वर असेल तर १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल मोकळे असतात.

१६. नोड फिरते असतील तर कोणती ड्युटी सायकल ठेवावी?

उलटीकडून मोजा. समजा रेडिओचा टप्पा ३० मीटर आहे आणि दोन माणसे समोरासमोरून सेकंदाला १.४ मीटर वेगाने चालत येतात. ती एकमेकांच्या टप्प्यात जास्तीत जास्त सुमारे २१ सेकंद असतात. ५ टक्क्यांवरचा डिस्को १६ सेकंदांत त्यांना गाठतो, पण मग माहिती द्यायला पाचच सेकंद उरतात. १ टक्क्यावर बहुतेक भेटी निसटतील. अशा वेळी नोडमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर नोड हलत असतानाच ड्युटी सायकल वाढवा. गोठ्यात बसलेल्या गाईच्या पट्ट्याने सारखे शेजारी शोधण्याचे कारण नाही.

१७. लोरावॅन आणि ब्लूटूथमध्येही हे सगळे करावे लागते का?

लोरावॅन या लांब पल्ल्याच्या नेटवर्कमध्ये शेतातला नोड थेट गेटवेकडे बोलतो. शेजारच्या नोडशी त्याचा संबंध येत नाही, त्यामुळे हा प्रश्नच नाही. ब्लूटूथ लो एनर्जीमध्ये आहे: जाहिरात करणारा ३७, ३८ आणि ३९ या तीन चॅनेलवर बोलतो आणि दर वेळी ० ते १० मिलिसेकंदांचा यदृच्छ विलंब जोडतो. दोघांचे ठेके एकमेकांत अडकून कायम चुकू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. करोनाच्या काळात आरोग्य सेतूसारखी ॲप शेजारचे फोन ओळखत होती, ती ब्लूटूथच्याच आधारे.

१८. कूजामध्ये सगळे शेजारी सापडतात, प्रत्यक्ष नोडवर निम्मेच. चूक कुठे?

बहुधा कोडमध्ये नाही. कूजा हा कॉन्टिकीचा सिम्युलेटर आहे आणि त्याचे नेहमीचे रेडिओ मॉडेल गोल वर्तुळाचे आहे: वर्तुळात सगळे ऐकू येते, बाहेर काही नाही. प्रश्न १२ मधला रुंद पट्टा, एकतर्फी दुवे आणि घड्याळांची तफावत त्यात आपोआप येत नाही. यशाचे प्रमाण १०० टक्क्यांवरून उतरवा, नोड वेगवेगळ्या वेळी सुरू करा, मग तुलना करा. प्रत्यक्षात अँटेना जमिनीपासून किती उंच आहे तेही पाहा. जमिनीला टेकलेल्या नोडचा टप्पा फार घटतो.

१९. कोणी खोटा शेजारी बनून आला तर?

संदेशावर गुप्त किल्लीची मोहोर असेल तर परका नोड नाव घेऊन घुसू शकत नाही. पण दोन हल्ले त्याला दाद देत नाहीत. कार्लोफ आणि वॅग्नर यांनी २००३ मध्ये वर्णन केलेल्या हॅलो पुरात ताकदवान ट्रान्समीटरवरून खरा बीकन दूरवर फेकला जातो. ऐकणाऱ्यांना वाटते शेजारी मिळाला, पण त्यांचा आवाज तिथे पोचत नाही. प्रश्न १२ मधली दुतर्फी तपासणी इथे बऱ्याच अंशी वाचवते. वर्महोलमध्ये हल्लेखोर एका टोकाचे संदेश जसेच्या तसे दुसऱ्या टोकाला पुन्हा पाठवतो. तिथे मोहोरही खरी असते आणि दुवा दुतर्फीही दिसतो.

वर्महोल पकडायचा तर अंतर मोजावे लागते, म्हणजे संदेशाला लागलेला वेळ. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. २५० किलोबिट वेगाने एक बाइट पाठवायला ३२ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात तो साडेनऊ किलोमीटर गेलेला असतो. म्हणून साध्या मोटवरच्या सॉफ्टवेअर घड्याळाने हे होत नाही, वेळ फार बारकाईने मोजू शकणारा अल्ट्रावाइडबँडसारखा रेडिओ लागतो. तरीही फक्त वेळ मोजणारी पद्धत पूर्ण सुरक्षित होत नाही. हल्लेखोर पुरेशा वेगाने संदेश पुढे ढकलत असेल तर ती अपुरी पडते, हे पोतुरालस्की आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सिद्ध केले आहे. नोडला स्वतःचे ठिकाण माहीत असेल तर तेही तपासात घ्यावे.

२०. शेजारी मेला आहे की झोपला आहे, हे कसे ठरवायचे?

तीन बीकन चुकले की काढून टाका, हा नियम बऱ्याच कोडमध्ये दिसतो. दुव्याचे यश ७० टक्के असेल तर सलग तीन चुकण्याची शक्यता २.७ टक्के. दर मिनिटाला बीकन असेल तर जिवंत शेजारी दिवसातून अनेकदा मेलेला ठरेल. सलग दहाची अट ठेवली तर अशी चूक काही महिन्यांतून एखादी होते, पण खरा मृत्यू कळायला दहा मिनिटे लागतात. शिवाय चुका सुट्या येत नाहीत. ट्रॅक्टर मध्ये उभा राहिला की दोन तास सगळेच बीकन चुकतात.

म्हणून मर्यादा प्रत्येक दुव्याच्या प्रतीनुसार वेगळी ठेवा. काढण्याआधी एकदा थेट नाव घेऊन विचारा, आणि पोच आली नाही तरच नोंद संशयित करा. संशयिताकडे माहिती पाठवू नका, पण त्याच्या जागे होण्याच्या वेळा काही काळ जपून ठेवा. तो परतला तर पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागणार नाही.